मागच्या चाकाचा आवाज

आमच्या घरात देव दोन:
एक भिंतीवर खिळ्याला टांगलेला,
दुसरा फोर्डचा व्ही-एट.
बाबा जेवणाआधी दोघांचंही नाव घेत,
दुसऱ्याचं जरा मोठ्यानं.

एलिसेओ शेव्हरोलेवाल्यांकडे गेला त्या रविवारी
आईनं त्याचं ताट मांडलं, बाबांनी उचललं,
आईनं पुन्हा मांडलं.
सूप निवत गेलं.
कोरोनेल आर्रेगीत अशी घरं बरीच.
या दोन गाड्यांवरून ठरलेली लग्नं मोडत,
आणि न्हाव्यानं तर
खुर्च्याच दोन ठेवल्या होत्या, दोन पक्षांच्या.

सख्खे भाऊ पक्के वैरी, म्हणायला काय जातं.
रोमुलो झोपताना
एलिसेओच्या रिकाम्या खाटेवर चिखलाचे बूट ठेवी
आणि पहाटे उठून
ती जागा बाहीनं पुसून घेई.
हे मी पाहिलंय.

शर्यतीच्या आदल्या रात्री
तो मागच्या दारानं आला.
"देल्फी, तुझा कान दे जरा."
घरात कान माझा होता. बाबांनीच घडवलेला:
पेचकसाचं टोक लोखंडावर,
मूठ कानामागच्या हाडावर,
श्वास बंद.
जॅकवर चढवलेलं मागचं चाक त्यानं हातानं फिरवलं
आणि आत, खूप आत,
कुणीतरी दाढेखाली खडीसाखर फोडली.

बेअरिंग.
तीनशे किलोमीटर टिकेल. चारशे नाही.

भिंतीपलीकडे रोमुलोच्या गाडीचं बॉनेट उघडं,
इंजिनावर बाबांचा तळवा,
आजारी गुराच्या पाठीवर ठेवावा तसा.
गॅरेज गहाण होतं.
मंगळवारी बँकेचा माणूस यायचा होता.
मी पेचकस पुसला. परत पुसला.
"ठीक आहे," म्हटलं.
त्यानं माझं कपाळ चुंबलं,
ग्रीसचा डाग उठला तिथं.

दुसऱ्या दिवशी विमानातून समालोचक ओरडत होता
आणि आमचा रेडिओ टेबलावर थरथरत होता.
गाड्या सुटल्या एकेका मिनिटानं,
आधी एलिसेओ, मागून रोमुलो.
धूळ, वळण, धूळ, ओढ्यावरचा पूल.
घड्याळाच्या हिशेबात फोर्ड चाळीस सेकंद पुढे!
बाबा उभे राहिले.
मग: शेव्हरोले रस्त्यावर दिसत नाही.
मग: सूर्यफुलांत एक वाट पडलीय, सरळ, आत गेलेली.
मग: फोर्ड थांबली आहे.
फोर्ड का थांबली आहे?
बाबांनी रेडिओला चापट मारली,
जणू दोष त्याचा होता.

रोमुलोनं भावाला पाठीवर घेऊन
अख्खं शेत तुडवलं.
पाय वाचला, गुडघा गेला.
मंगळवारी बँकेनं गॅरेज घेतलं,
बुधवारी गावानं रोमुलोला पदक दिलं.
पाद्री बंधुप्रेमावर इतका वेळ बोलला
की मेणबत्त्या बदलाव्या लागल्या.
बाबा रडले. मी त्यांना रुमाल दिला.

एकवीस वर्षांनी, आईच्या तेराव्या महिन्यात,
रोमुलो माझ्या स्वयंपाकघरात बसला होता.
पेला हातात, माते संपलेलं, तरी नळी ओढत.
म्हणाला, "सुटताना त्यानं गिअर टाकला ना,
तेव्हाच ऐकलं मी. मागचं चाक.
हात वर केला असता तर
पंचांनी थांबवलं असतं त्याला.
नाही केला.
तीनशे बारा किलोमीटर, देल्फी,
मी गाडी नाही, तो आवाज चालवत होतो."

मग माझ्याकडे न बघता,
"तुझ्या कानाला कळलं असतं का गं,
त्यानं तुला दाखवली असती तर?"

किटली उकळायला लागली होती.
मी उतरवली नाही.
बाहेर अंगणात एलिसेओ लाकडं आणत होता,
एक पाऊल नीट,
एक घासत.
आम्ही दोघं ऐकत राहिलो.